खालच्या घराची सही



पावसाळ्याच्या आधीचे दोन-तीन महिने आपल्याकडे घरं बांधायचे. डोंगराच्या पायथ्याला कुणाचं तरी जोतं चालू असतं. सकाळी जेसीबी येतो, दुपारपर्यंत उताराचा लचका तोडतो, निघालेली माती खालच्या अंगाला ढकलतो आणि संध्याकाळी जागा अंगणासारखी सपाट करून जातो. मागे मातीची उभी कड राहते, पुढे मऊ भराव राहतो. मग कुणी तरी म्हणतं, "दोन्हीकडून एकेक भिंत घालून टाकू." दुसरं कुणी तरी विचारतं, "पंचायतीत विचारायला नको का?" त्यावर ठरलेलं उत्तर येतं, "आपल्याच जागेत भिंत घालायला कुणाला कशाला विचारायचं?"

आज मी या "कशाला"ची गोष्ट सांगणार आहे. ती आपल्या गावची नाही. एका अमेरिकन शहराची आणि एका चिनी शहराची आहे. पण शेवटी ती आपल्या परसात येऊन थांबते.

सुरुवात मात्र आपल्या आज्या-पणज्यांपासून करू. त्यांच्या काळी उतारावर घरं नव्हती का? होती की. कोकणात टप्पे पाडून घरं बांधली, बागा लावल्या. घाटावर डोंगरउताराला दगडी ताली घालून शेतं केली. पण तेव्हा खणायला कुदळ आणि वाहायला पाटी. माणसाच्या अंगात जेवढं बळ तेवढाच डोंगर कापला जायचा. आणि गडगा असायचा कोरड्या दगडांचा, त्यात चुना नाही की सिमेंट नाही. पावसाचं पाणी दगडांच्या फटींतून गळून जायचं, माती मागे राहायची. गडगा कुठे फुगला तर येता-जाता दिसायचा. दोन माणसं लागून तेवढा भाग उतरवून परत रचायची.

सिमेंटची भिंत दिसायला बळकट, पण तिला फट नसते. मागच्या मातीत मुरलेलं पाणी बाहेर पडत नाही. माती भिजून जड होते आणि साठलेलं पाणी स्वतःही भिंतीला रेटतं. "कुठे तरी पाणी मुरतंय" असं आपण संशय आला की म्हणतो. भिंतीच्या बाबतीत ते अगदी शब्दशः खरं आहे. पडलेल्या भिंतीमागे बहुतेक वेळा पाणी मुरलेलं असतं.

आता त्या अमेरिकन शहराकडे जाऊ. लॉस एंजेलिस आपल्याला हॉलिवूडमुळे ठाऊक आहे. तिथला वर्षाचा सरासरी पाऊस आपल्या सोलापूरपेक्षाही कमी. पण जो पडतो तो बहुतेक हिवाळ्यात, आणि कधी कधी चार दिवसांत धो धो. दुसरं महायुद्ध संपल्यावर तिथे घरांची मागणी एकदम वाढली. सपाटीची जागा भरत आली तशी वस्ती टेकड्यांवर चढली. बुलडोझर हाताशी होतेच. टेकडीचा माथा कापायचा, ती माती शेजारच्या घळीत लोटायची, आणि वर घरं. भराव दाबला का, पाण्याला वाट ठेवली का, हे विचारणारं फारसं कुणी नव्हतं.

१९५१-५२च्या हिवाळ्यात मोठा पाऊस झाला. कापलेल्या कडा सुटल्या, भराव वाहून गेले, चिखल घरांत शिरला. त्याच १९५२ साली शहरानं नियम केला की, डोंगर कापायचा किंवा भराव घालायचा तर आधी परवानगी घ्यायची. भराव थराथरानं दाबायचा. उतार फार उभा ठेवायचा नाही. पाणी कुठून कुठे जाणार ते नकाशात दाखवायचं. काम चालू असताना तपासनीस येऊन बघणार. अमेरिकेतल्या शहरांमधला असा हा पहिला नियम. १९६३ साली तो आणखी कडक झाला. आता भूगर्भ जाणणारा तज्ज्ञ आणि मातीचा इंजिनिअर अशा दोघांनी जागा तपासून लिहून द्यायचं.

पुढे १९६९च्या हिवाळ्यात पुन्हा जबरदस्त पाऊस आला आणि शहराला हिशेब मांडता आला. १९५२च्या आधी, म्हणजे नियम नसताना, उतारावर सुमारे १०,००० जागांवर घरं झाली होती. त्यांतल्या १,०४० जागांचं नुकसान झालं. १९५२ ते १९६२ या काळात पहिल्या नियमाखाली सुमारे २७,००० जागा झाल्या, त्यांतल्या ३५० बिघडल्या. १९६३नंतरच्या सुमारे ११,००० जागांपैकी फक्त १७. दर हजारी बघितलं तर आधी १०४, मग १३ आणि शेवटी दीड. नव्या जागांना झिजायला कमी वर्षं मिळाली होती, हे खरं. तरी एवढा फरक नुसत्या वयानं पडत नाही. पावसानं नव्या-जुन्यात भेद केला नव्हता. फरक होता तो आधी विचारण्यात आणि कुणी तरी येऊन बघण्यात.

अमेरिकेतल्या पुष्कळ गावांत पुढे एक सोपा दंडक रूढ झाला. पायाच्या तळापासून वरपर्यंत ४ फुटांपेक्षा उंच भिंत असेल तर परवानगी घ्यायची. भिंतीच्या वर उतार, वाट किंवा घर यांचा भार असेल तर कमी उंचीलासुद्धा घ्यायची. चारच फूट का? कारण मातीचा रेटा उंचीच्या पटीत वाढत नाही, त्याहून पुष्कळ वेगानं वाढतो. भिंतीची उंची दुप्पट केली की एकूण रेटा चौपट होतो आणि भिंत उलथवण्याचा जोर आठपट. म्हणजे गवंड्यानं ४ फुटांची भिंत उत्तम बांधली, म्हणून तीच पद्धत ८ फुटांना चालते असं नाही. अनुभवी गवंडीसुद्धा इथेच फसतो. त्याचा हात कच्चा नसतो, हिशेब वेगळा असतो.

दुसरं शहर हाँगकाँग. समुद्राकाठी उभे डोंगर, सपाटी अगदी थोडी आणि माणसं मात्र लाखो. पाऊस आपल्या कोकणासारखा, उन्हाळ्याच्या दिवसांत कोसळणारा. १९७२च्या जून महिन्यात तीन दिवस पाऊस थांबला नाही. १८ जूनला दुपारी साऊ माऊ पिंग नावाच्या भागात रस्त्यासाठी घातलेला उंच भराव सुटला आणि पायथ्याच्या झोपड्यांवर आला. ७१ माणसं गेली. त्याच रात्री शहराच्या दुसऱ्या टोकाला पो शान रोडखालचा उतार सुटला. तिथे सुखवस्तू लोकांची वस्ती. १२ मजल्यांची इमारत कोसळली आणि ६७ माणसं गेली. त्या उतारावर एका बांधकामासाठी डोंगर खणलेला होता. एकाच दिवशी गरिबाची झोपडी आणि श्रीमंताचा फ्लॅट. दोन्हीकडे मेले ते वरच्या कामाशी काहीच संबंध नसलेले लोक.

चौकशी झाली, अहवाल आला. तरीही चार वर्षांनी, २५ ऑगस्ट १९७६ला, साऊ माऊ पिंगलाच पुन्हा भराव सुटला आणि १८ माणसं गेली. तज्ज्ञांनी सांगितलं की, माती नुसती वरून ओतली होती, दाबली नव्हती. अशा सैल मातीत पाणी भरलं की ती माती राहत नाही, पातळ चिखल होऊन धावत सुटते. मग १९७७ साली सरकारनं उतारांसाठी एक स्वतंत्र कार्यालय उघडलं. डोंगर कापायचा, भराव घालायचा किंवा मातीला आधाराची भिंत बांधायची, तर तो नकाशा या कार्यालयाच्या इंजिनिअरांनी तपासायचा. आज तिथे माणसांनी केलेल्या सुमारे ६०,००० उतारांची आणि भिंतींची नोंद आहे. रस्त्यानं जाताना भिंतीवर लावलेली नंबराची पाटी दिसते. आपल्या घराला घरपट्टीचा नंबर असतो ना, तसा तिथे भिंतीला नंबर. त्या नंबरावरून तिची देखभाल कुणी करायची तेही कळतं.

एवढं करून सगळं मिटलं का? नाही. २३ जुलै १९९४ला क्वुन लुंग लाऊ या वसाहतीखालची जुनी दगडी भिंत कोसळली आणि पाच जण गेले. भिंत वाटत होती त्याहून पातळ निघाली, आणि मागच्या मातीत गाडलेल्या सांडपाण्याच्या आणि पावसाच्या पाण्याच्या नळांना गळती होती. ती गळती वरून दिसत नव्हती. म्हणजे कागद एकदा मिळाला की काम संपत नाही. वर्षानुवर्षं भिंतीकडे बघावं लागतं.

आता आपल्याकडे येऊ. २०१९चा पावसाळा आठवा. २९ जूनला पुण्यात कोंढव्याला एका गृहसंकुलाची भिंत खालच्या मजुरांच्या झोपड्यांवर पडली. १५ जण गेले, त्यांत लहान मुलंही होती. तीनच दिवसांनी, २ जुलैच्या मध्यरात्रीनंतर, मुंबईत मालाडच्या पिंपरीपाड्यात जलाशयाच्या आवाराची भिंत झोपड्यांवर आली. सुमारे ३० माणसं गेली. माळीण, तळीये, इर्शाळवाडी या दरडी वेगळ्या. तिथे अख्खा डोंगरउतारच सुटून आला. पण कोंढवा आणि मालाड इथे पडली ती माणसानं बांधलेली भिंत. दोन्हीकडे भिंत एकाची होती आणि तिच्या खाली झोपलेले लोक दुसरेच होते.

मैत्रिणींनो, आपल्या सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. भिंत आपल्या जागेत असते, पण ती पडते दुसऱ्याच्या जागेत. खालच्या घराला आपण कधी विचारत नाही. परवानगीचा कागद म्हणजे त्या खालच्या घराच्या वतीनं कुणी तरी केलेली सही आहे. जागा न बघता ती सही झाली तर कागद खोटा. मागितलीच नाही तर खालच्या घराला जीव मुठीत धरून झोपावं लागतं.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. गावठाणात घर बांधायचं तर ग्रामपंचायत कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे पंचायतीची परवानगी लागते. प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात गावठाणाबाहेर बांधायचं तर जिल्हाधिकाऱ्यांकडे जावं लागतं. राज्याच्या विकास नियमांत एकास पाच किंवा त्याहून उभ्या डोंगरउतारावर कापणं, भरणं आणि बांधणं यांना मनाई आहे. एकास पाच म्हणजे पाच फूट आडवं चाललं की एक फूट चढ. शेजारच्या गोव्यात नगरनियोजन कायद्यात १७अ हे कलम खास घातलं आहे. डोंगर कापायचा किंवा सखल जागा भरायची तर मुख्य नगरनियोजकांची लेखी परवानगी आधी लागते. कायदा पुस्तकात आहे. पण अर्जासोबतच्या नकाशात खोल्या, संडास आणि जिना दाखवलेले असतात. मागची कड किती उंच, भरावाची माती कुठली, पाणी कुठे सोडणार, हे कोण विचारतं?

ते आपण विचारू शकतो. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे, तिथे विचारू शकतो. घरी गवंडी येतो तेव्हाही विचारू शकतो. प्रश्न चारच आहेत. भिंत पायापासून किती फूट उंच? चार फुटांच्या वर असेल तर इंजिनिअरनं जागेवर येऊन बघितलं का? भिंतीत पाणी निघायला भोकं ठेवली का, आणि मागे माती न लोटता आधी खडी-गोटे भरले का? आणि चौथा, सगळ्यात महत्त्वाचा : हे पाणी निघून कुणाच्या दारात जाणार?

बांधून झालेल्या भिंतीवर दर पावसाळ्यात नजर ठेवायची ती घरात वावरणाऱ्या बाईनंच, कारण ती तिला रोज दिसते. भिंतीला पोट आलं, नवी आडवी भेग दिसली, भोकांतून येणारं पाणी पावसातही एकदम बंद झालं किंवा गढूळ येऊ लागलं, वरच्या अंगणाला चीर गेली, दार अचानक अडकायला लागलं, तर ही भिंतीची बोली आहे. तेव्हा मागच्या खोलीत मुलांना निजवायचं नाही. खालच्या घरी जाऊन सांगायचं आणि पंचायतीला लेखी कळवायचं. पाऊस पडत असताना भिंतीजवळ खणून बघायला मात्र कुणालाही जाऊ द्यायचं नाही.

लॉस एंजेलिसला आधी विचारण्याची सवय लागायला एक भयंकर हिवाळा जावा लागला. हाँगकाँगला दीडशेवर माणसं गमवावी लागली. ती किंमत त्यांनी मोजलेली आहे. त्यातून निघालेलं शहाणपण आपल्याला फुकट मिळतंय. यंदा तुमच्या गावात कुठे जेसीबी डोंगराला लागलेला दिसला, तर थोडं खाली उतरून बघा, तिथे कुणाचं घर आहे. आणि वरच्यांना एवढंच विचारा, "खालच्या घराची सही घेतली का?"