कोळशी : शत्रू आणि शत्रूचा शत्रू



आज आपण कोळशीच्या इतिहासाकडे पाहू. वरूड-मोर्शीकडच्या श्रोत्यांना हा शब्द समजावून सांगायला नको. अकोल्या-अमरावतीत ज्यांच्या परसात लिंबाचं एखादं झाड आहे, त्यांनीही ती पाहिलेली असते. पानं वरून काळी पडतात; बोट फिरवलं की काजळी लागते. पण ती काजळी हे मूळ नव्हे. पान उलटून पाहा. खाली काळ्या टिकल्या चिकटलेल्या दिसतील. ही काळ्या माशीची पिल्लं. ती रस शोषतात, गोड चिकट स्राव सोडतात, तो खालच्या पानांवर पडतो आणि त्यावर बुरशी वाढते. पानाला ऊन मिळत नाही, झाड उपाशी राहतं.

आता थोडं मागे जाऊ. संत्रं आपल्याकडे रुजलं ते नागपूरकर भोसल्यांमुळे. रघुजीराजांनी अठराव्या शतकात औरंगाबादहून रोपं आणवली असं सांगितलं जातं. पुढे ते वऱ्हाडातही पसरलं आणि आपल्या बागाईतदारानं झाडाला स्वतःचं पंचांग शिकवलं. हिवाळ्यात महिना-दीड महिना पाणी तोडायचं, म्हणजे 'ताण' द्यायचा. मग पाणी दिलं की आंबिया बहार फुटतो. उन्हाळ्यात ताण दिला तर पावसाबरोबर मृग बहार. शिवाय हस्त बहार आहेच. गंमत अशी, की माशी अंडी घालते कोवळ्या पानांच्या खाली. त्यामुळे बहाराचं हे पंचांग तिलाही पाठ झालं.

ही माशी आशियातलीच. 1913 मध्ये ती जमैकात सापडली, मग क्यूबात आणि 1935 मध्ये मेक्सिकोत. तिथे ती मोकाट सुटली, कारण तिचे शत्रू मागे, इकडे राहिले होते. क्यूबानं 1930 मध्ये मलायातून एक बारीक परजीवी गांधीलमाशी नेली, तिथे ती चालली. मेक्सिकोच्या कोरड्या हवेत मात्र तिचा जम बसेना. मग 1949-50 च्या सुमारास शास्त्रज्ञांनी भारत-पाकिस्तानातून दुसऱ्या जातींच्या गांधीलमाश्या नेल्या. त्या माशीच्या पिल्लांत अंडी घालतात आणि त्यांची अळी पिल्लाला आतून खाते. थोड्याच वर्षांत मेक्सिकोतल्या बागा सावरल्या.

म्हणजे मेक्सिकोच्या बागा वाचवणारा कीटक आपल्या उपखंडातला. मग आपल्याकडे कोळशी का टिकते? कारण एकच नाही. दाट लागवड, न छाटलेल्या फांद्या, पाण्याचा अतिरेक, हे सगळं आहे. पण एक कारण आपल्या हातातलं आहे. जहाल औषध मारलं की पानाखाली चिकटलेल्या पिल्लांआधी उघड्यावर फिरणारी गांधीलमाशी मरते. शत्रूचा शत्रू गेला, शत्रू राहिला. आणि फवारणारा माणूसही सुटत नाही. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-मजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही.

तत्त्वज्ञानात आम्ही आयुष्यभर एक प्रश्न शिकवला : नाव ठेवलं म्हणजे वस्तू कळली का? 'कीड' हा शब्दही असाच. त्यात मारणाराही बसतो आणि तारणाराही.

तेव्हा परसातल्या लिंबासाठी एवढंच सांगतो. आतल्या दाट फांद्या विरळ करा. नवी पालवी आली की पानं उलटून बघत जा. गरज पडली तर निंबोळी अर्क, तोही पानाच्या खालून. लिंबावरचं फुलपाखरू व्हायचं असलेली, पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी असेल तर हातानं उचला. तिच्यासाठी अख्खं झाड विषात भिजवू नका.

आणि जमलं तर एक भिंग आणा. काळ्या टिकलीची पाठ फाटून माशी बाहेर पडली असेल, तर तिथे इंग्रजी 'टी'सारखी चीर दिसते. गांधीलमाशी बाहेर पडली असेल, तर छोटं गोल भोक दिसतं. अशी गोल भोकं बरीच दिसली, तर त्या दिवशी पंप खाली ठेवा. तुमचं काम दुसरं कुणी करतंय.