छापील अवयव आणि रक्ताची वाट

जिवंत पेशी आणि त्यांना धरून ठेवणारा ओलसर जेल यांचे थरावर थर रचून ऊती तयार करण्याच्या तंत्राला जैवमुद्रण म्हणतात. पेशी आणि जेल यांचे मिश्रण म्हणजे जैवशाई. जेलसाठी बहुधा समुद्री शेवाळातले अल्जिनेट, जिलेटिन किंवा कोलॅजेन वापरतात. हे तंत्र चाळीस वर्षांहून जुने नाही, पण त्याला अडवून ठेवणारा प्रश्न फार जुना आहे. ऊतीला हवा तो आकार देता येतो, तिच्या आतवर रक्त पोचवणे मात्र अवघड जाते. केशवाहिनीपासून साधारण 0.2 मिलिमीटरपेक्षा दूर पडलेल्या पेशीला पुरेसा प्राणवायू मिळत नाही. यकृताचा बोटाएवढा तुकडाही याच्या कितीतरी पट जाड असतो.

पुण्याजवळच्या एका कारागीर शल्यवैद्याला हा प्रश्न नेमका कळला होता. 1792 च्या टिपूविरुद्धच्या युद्धात इंग्रज फौजेचे बैल हाकणारा कावसजी कैद झाला आणि त्याचे नाक व एक हात कापला गेला. वर्षभराहून अधिक काळ तो तसाच राहिला. मग विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवे नाक बसवले. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर 1794 च्या अंकात ही हकिकत चित्रासह छापली. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या थोटावर बसवून आकार घ्यायचा, तो सपाट करून कपाळावर ठेवायचा, कडेने रेघ मारायची आणि तेवढी कातडी सोडवून खाली वळवायची, अशी ती रीत होती. दोन डोळ्यांमधली कातडीची चिंचोळी पट्टी तेवढी कापायची नाही, कारण नव्या नाकाला रक्त तिच्यातूनच मिळायचे. सांध्यावर ओला कात लावलेल्या कापडाच्या पाच-सहा पट्ट्या एकावर एक ठेवत. नाक धरले की पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती चिंचोळी पट्टी तोडत. हे वर्णन वाचून जोसेफ कार्प्यू यांनी 1814 मध्ये लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली. मेणाच्या पत्र्याची जागा आता संगणकातल्या नमुन्याने घेतली आहे. त्या चिंचोळ्या पट्टीला तितका भरवशाचा पर्याय अजून सापडलेला नाही.

पेशी छापण्याची सुरुवात अगदी साध्या यंत्रावर झाली. चार्ल्स हल यांनी 1984 मध्ये प्रकाशाने राळ थराथराने घट्ट करण्याच्या पद्धतीसाठी पेटंटचा अर्ज केला. त्रिमितीय छपाईचा उगम तिथला. 1988 मध्ये टेक्सासच्या रॉबर्ट क्लेबी यांनी कार्यालयातल्या इंकजेट प्रिंटरमधून शाईऐवजी फायब्रोनेक्टिन हे प्रथिन सोडले आणि पेशी त्या छापील रेषांवर चिकटवून दाखवल्या. पेशीच छापण्याचे काम क्लेमसन विद्यापीठातल्या थॉमस बोलंड यांनी 2003 च्या सुमारास केले. त्यासाठी त्यांनी बाजारातल्या प्रिंटरमध्येच फेरफार केले. अशा प्रिंटरमध्ये थेंब उडवणारा तापक क्षणभर 200 ते 300 अंशांपर्यंत जातो, तेव्हा पेशी भाजून निघतील असेच कोणालाही वाटेल. पण ही उष्णता मायक्रोसेकंदांपुरतीच टिकते आणि थेंबाचे तापमान जेमतेम 4 ते 10 अंशांनी वाढते. त्यामुळे नव्वद टक्क्यांहून अधिक पेशी जगल्या.

याच काळातल्या एका गाजलेल्या प्रयोगाबद्दल हमखास घोटाळा होतो. अँथनी अटाला यांच्या चमूने सात रुग्णांच्या शरीरात त्यांच्याच पेशींपासून वाढवलेली मूत्राशये बसवली आणि 2006 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष मांडले. ती पहिली छापील मूत्राशये म्हणून सांगितली जातात, पण ती छापलेली नव्हती. साचा हाताने बनवून त्यावर पेशी लावल्या होत्या. बोलकी गोष्ट वेगळीच आहे. ज्या मूत्राशयांभोवती पोटातला ओमेंटम, म्हणजे आतड्यांवरचा रक्तवाहिन्यांनी भरलेला चरबीचा पडदा, गुंडाळला होता, त्यांचे काम अधिक चांगले चालले. पुण्याच्या नाकाला कपाळाने रक्त पुरवले, इथे ते काम पोटातल्या पडद्याने केले.

पुढच्या संशोधकांनी रक्तवाहिन्याच छापायला घेतल्या. राईस विद्यापीठातले जॉर्डन मिलर आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये जेलमध्ये फुप्फुसातल्या वायुकोशासारखी पोकळी आणि तिच्याभोवती वाहिन्यांचे जाळे छापले. प्रकाश जेलमध्ये नको तितका खोल जाऊ नये म्हणून त्यांनी टार्ट्राझीन वापरले. खाद्यपदार्थांना पिवळा रंग आणणारे ते हेच. त्याच वर्षी तेल अवीवमध्ये ताल द्वीर यांच्या चमूने रुग्णाच्या ओमेंटममधून पेशी आणि जैवशाई दोन्ही मिळवून 2 सेंटीमीटर उंचीचे, बोराएवढे हृदय छापले. बातम्यांनी त्याला हृदय म्हटले खरे, पण त्यातल्या पेशी आकुंचन पावत असल्या तरी त्याला रक्त पंप करता येत नव्हते. आकाराच्या पुढे ते गेले, असे म्हणवत नाही.

रुग्णापर्यंत पोचण्याची आशा आधी दिसली ती ज्यांना रक्तवाहिन्या लागतच नाहीत अशा ऊतींमध्ये. कानाची कूर्चा आणि डोळ्याचे पारपटल या दोन्हींत रक्तवाहिन्या नसतात. मार्च 2022 मध्ये अमेरिकेत जन्मतः एक कान अपुरा असलेल्या 20 वर्षांच्या तरुणीला तिच्याच कूर्चापेशींपासून, दुसऱ्या कानाच्या मापावर छापलेला बाह्यकर्ण बसवण्यात आला. त्याच वर्षी हैदराबादमध्ये एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था, आयआयटी आणि सीसीएमबी यांनी मिळून छापलेले पारपटल सशाच्या डोळ्यात बसवले. त्याची जैवशाई माणसाच्या पारपटलातल्या पेशी काढून उरलेल्या घटकांपासून केली होती.

औषधांच्या चाचण्यांसाठी यकृताचे छोटे छापील तुकडे 2014 पासून विकले गेले. पूर्ण छापील मूत्रपिंड किंवा यकृत मात्र अद्याप कोणत्याही रुग्णाला बसवलेले नाही. मृत दात्याच्या मूत्रपिंडाची वाट पाहणाऱ्या महाराष्ट्रातल्या रुग्णाला आजही आपले नाव विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या प्रतीक्षायादीतच नोंदवावे लागते.