कोतवाल बुकातली बिननावाची मुलगी

मागच्या खेपेला आपण गटाचं कर्जाचं रजिस्टर कसं लिहायचं ते बोललो. आज दुसऱ्याच रजिस्टरांबद्दल बोलू. त्यांत आपले आजे-पणजे सापडतात. आज्या-पणज्या मात्र शोधाव्या लागतात.

हा विषय आमच्याकडे निघाला तो ग्रामपंचायतीच्या निवडणुकीवरून. आर्णी तालुक्यातल्या आमच्या एका गटातल्या ताईंना उभं राहायचं होतं. २०११ पासून आपल्या राज्यात पंचायतीतल्या निम्म्या जागा बायांच्या आहेत, आणि त्यांच्या वॉर्डातली जागा निघाली ओबीसी महिला. सासरी सगळ्यांचे जातीचे दाखले पडताळणीसकट तयार. ताईंना वाटलं, तेच चालतील. पण बाईची जात जन्माने ठरते, लग्नाने बदलत नाही. म्हणून पुरावा माहेरचा लागतो, बापाकडचा. तोही जुना. ओबीसी असाल तर १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा, विमुक्त-भटक्या असाल, म्हणजे आपल्या तांड्यांवरच्या बाया, तर २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, अनुसूचित जमातीला ६ सप्टेंबर १९५० आणि अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०. या तारखा घरात कुठेतरी लिहून ठेवा.

ताई म्हणाल्या, "माहा आजा शिकला नाही. बाप चौथीत बसला अन् ढोरामागं गेला. मी तर शाळाच पाह्यली नाही. आता कागद कुठून आणू?"

मग आम्ही चौघी जणी निघालो. ताईंचं माहेर दिग्रसकडचं. अडीच महिने चाललं ते. एका कार्यालयातून तर आम्हाला तीनदा परत पाठवलं, एकदा साहेब नाहीत म्हणून, एकदा कपाटाची चावी नाही म्हणून, आणि एकदा काहीच कारण न सांगता.

आमच्यातल्या एकीने विचारलं, जनगणना तर इंग्रजांपासून होते, मग तिथे आज्याचं नाव नसेल का? प्रश्न बरोबर होता. आपल्या वऱ्हाडात पहिली जनगणना १८६७ साली झाली, साऱ्या देशातल्या पहिल्या जनगणनेच्याही आधी. ती १८७२ ची. पण आपल्याकडे मोजणीचे आकडे छापले गेले, नावांचे कागद ठेवले नाहीत. आणि १९४८ च्या जनगणना कायद्याने तर माणसाची माहिती कोणाला दाखवायची नाही, कोर्टात पुरावा म्हणूनही द्यायची नाही, असं ठरलं.

तिकडे स्कॉटलंड नावाच्या देशात उलटं आहे. स्कॉटलंड आपल्याला अगदी परका नाही. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाचं आहे ते स्टीफन हिस्लॉप तिथलेच. त्या देशात १८४१ पासून दर दहा वर्षांनी घरोघरच्या माणसांची नावं, वय, धंदा लिहिला गेला, आणि शंभर वर्षं उलटली की ते कागद सगळ्यांसाठी उघडतात. १९२१ चे कागद २०२२ साली उघडले. त्याच्याही मागे जायचं तर गावच्या चर्चच्या वह्या आहेत, सगळ्यांत जुनी १५५३ पासूनची. बाप्तिस्मा कोणाचा झाला, लग्न कोणाचं लागलं, पाद्री लिहून ठेवायचा. १८५५ पासून जन्ममृत्यूची नोंद सरकारने हातात घेतली. जगभर पांगलेले लोक या कागदांवरून आपलं मूळ गाव शोधत तिथे जातात. पण तिथेही गरिबाचं घर सुटलंच. १७८३ साली सरकारने दर नोंदीमागे तीन पेनी कर लावला, आणि ज्यांना तो परवडेना त्यांनी पोराची नोंदच केली नाही. तो कर उठायला अकरा वर्षं लागली.

आम्हाला मात्र तिथली वेगळीच गोष्ट मनाला लागली. तिथल्या जुन्या कागदांत बाई लग्नानंतरही माहेरच्या आडनावाने सापडते. पोराच्या नोंदीत आईचं माहेरचं आडनाव असतं. १८५५ नंतरच्या मृत्यूच्या नोंदीत मेलेल्या माणसाच्या आईचंही. म्हणजे आईच्या आईपर्यंत, तिच्याही आईपर्यंत माणूस चालत जाऊ शकतो. हे ऐकून आमच्या गटातल्या बाया थोडा वेळ गप्पच झाल्या. आपल्याकडे लग्नात आडनाव जातं, बापाचं नाव जातं, आणि पुष्कळ घरांत तर बारशाचं नावही जातं. मग कागदावर ती बाई कोणती, कसं ओळखायचं?

आता आपल्याकडे काय आहे ते सांगते, कारण पुष्कळ काही आहे.

पहिलं म्हणजे कोतवाल बुक. गावातला जन्म आणि मरण यांची ही वही. नक्कल मागताना "कोतवाल बुकाची नक्कल" किंवा "गाव नमुना १४" म्हणा, समजतं. तारीख, बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी, आणि मृत्यूच्या पानावर वय नि कारण. जुनी पानं मोडीत आहेत. आम्हाला मोडी जाणणारे एक निवृत्त गुरुजी भेटले म्हणून निभावलं. दुसरं, शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर. आज्याचा भाऊ, चुलतभाऊ, कोणीतरी एक वर्ष का होईना शाळेत गेलेला असतो. तिसरं, वावराचे कागद: पेरेपत्रक, हक्कनोंद, १९५४ च्या सुमाराचा अधिकार अभिलेख. त्यावर वरती "मध्यप्रदेश" लिहिलेलं पाहून घाबरू नका. आपला जिल्हा १९५६ पर्यंत मध्यप्रदेशात होता, राजधानी नागपूर. त्याच्या आधी मध्यप्रांत व वऱ्हाड. आणि १९०५ च्या आधीच्या कागदावर यवतमाळ जिल्हा शोधाल तर सापडायचाच नाही, तेव्हा जिल्ह्याचं नाव वणीवरून होतं. आर्णी हा तालुकाही अलीकडचा.

चौथा कागद फार जणींना माहीत नाही. १९५१ च्या जनगणनेच्या वेळी गावोगाव घरातल्या माणसांची नावं एका रजिस्टरात उतरवली होती. त्याला नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर म्हणतात. ज्या गावाचं ते टिकलं आहे तिथे बायांचीही नावं आणि वय मिळतं. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली तेव्हा ही सारी रजिस्टरं कपाटांतून बाहेर निघाली, पुष्कळ ठिकाणी स्कॅनही झाली. त्या शोधाचा फायदा दुसऱ्या जातीच्या माणसालाही आहे, कागद तर एकच असतो.

अन् ज्यांचं घराणं गोदावरीला अस्थी न्यायचं, त्यांनी नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांकडची नामावळी विचारावी. कोण गाव, कोणासाठी आले, सोबत कोण, ते गावाप्रमाणे लिहिलेलं असतं. बंजारा घरांची पिढ्यांची नावं ढाडी आणि भाटांच्या तोंडी असतात. दाखल्याला तेवढ्याने भागत नाही, पण कोणत्या गावचं पान उघडायचं ते कळतं.

आम्ही पानं उलटत बसलो तेव्हा मृत्यूची पानं वाचवली नाहीत. कारणाच्या रकान्यात "ताप", "ताप", "ताप". १९१८ च्या साथीच्या पानांवर तर एकाच घरातली तीन-तीन माणसं एका आठवड्यात. त्याआधीच्या दुष्काळांचा हिशोब जनगणनेच्या आकड्यांत दिसतो. १८९१ साली वऱ्हाडात सुमारे २८ लाख ९७ हजार माणसं होती, १९०१ साली २७ लाख ५४ हजार. दहा वर्षांत वाढायच्या ऐवजी घटली. काही घराण्यांची वंशावळ मधेच तुटते ती यामुळे.

ताईंचा कागद सापडला तो १९३८ च्या पानावर. बाप म्हणून ताईंच्या आज्याचं नाव, जात स्पष्ट, गाव बरोबर, आणि अपत्याच्या रकान्यात फक्त "मुलगी". नाव नाही. ही ताईंची थोरली आत्या. ती अजून आहे, सत्त्याऐंशी वर्षांची, दारव्ह्याकडे लेकाजवळ राहते. आम्ही तिला जाऊन विचारलं, आत्या, तुमचं नाव कसं नाही? तर म्हणाली, "बारसं तं बाराव्या दिवशी झालं. कोतवाल तिसऱ्याच दिवशी सांगून आला व्हता. मंग कोन जाते पुन्हा नाव सांगाले?"

खरं सांगायचं तर त्या वहीत मुलांचीही नावं नसतात, नुसतं "मुलगा" असतं. पण मुलगा पुढे शाळेत सापडतो, वावराच्या कागदावर सापडतो. मुलगी दुसऱ्या गावी जाते ती दुसरंच नाव घेऊन, तिचं हे एकच पान.

पुढची अडचण वंशावळीची. प्रतिज्ञापत्रावर वंशावळ काढायची होती. ताईंच्या चुलतभावाने काढून दिली, पाच पिढ्यांची, सुबक. एकही बाई नाही. आत्याच्या नोंदीवर दाखला मागायचा आणि वंशावळीत आत्याच नाही, हे कसं चालेल? भावांना सांगितलं तर ते अडले. लेकींची नावं घातली तर उद्या वावरात हिस्सा मागतील, ही भीती. ताई रडकुंडीला येऊन म्हणाल्या, मले वावर नाही पायजे, फक्त नाव लिवा. आम्हाला ते बोलणं रुचलं नाही. हिस्सा घ्यायचा की सोडायचा ते ताईंनी ठरवावं, पण तो अशा घाईत नाव लिहून घेण्यासाठी सोडायचा नसतो. आम्ही भावांना एवढंच समजावलं की २००५ च्या कायद्याने लेकीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखाच हक्क दिला आहे, तो वंशावळीत नाव घातल्याने येत नाही आणि गाळल्याने जातही नाही. दोन बैठका झाल्या. शेवटी धाकट्या भावाची बायको, जी आमच्याच ग्रामसंघात आहे, ती म्हणाली, माह्या पोरीलाही उद्या हाच कागद लागन. तेव्हा कुठे आत्याचं नाव चढलं, आणि मग बाकीच्या तिघी बहिणींचंही.

ताईंचा दाखला निघाला. पडताळणीचा अर्ज समितीकडे आहे, त्याची पावती गटाच्या फाईलला लावली आहे.

१ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बाळाच्या कागदांवर आता आईचं नावही लागतं, बाळाचं नाव, मग आईचं, मग बापाचं, मग आडनाव. त्याच्या आधीच्या बाया आपल्यालाच लिहाव्या लागतील. म्हणून आमच्या गटात एक वही केली आहे. प्रत्येकीने आईचं नाव, आईचं माहेरचं नाव नि गाव, मग आजीचं. बाप-आज्याची नावं सगळ्याच जणी घडाघडा सांगत होत्या. आईच्या आजीचं नाव अकरा जणींत फक्त तिघींना आलं.

आत्यालाही विचारलं. आईचं नाव तिने लगेच सांगितलं. आईचं माहेरचं नाव मात्र बराच वेळ आठवत बसली, आणि म्हणाली, ते मले कधी कोनी सांगतलंच नाही. गाव ठाऊक आहे, अरुणावतीच्या काठचं. त्या गावात आमचा एक गट आहे. येत्या गुरुवारी बैठकीला जाऊ तेव्हा तिथल्या म्हाताऱ्यांना विचारणार आहोत.