पगार म्हणजे तह

राळेगणसिद्धीच्या शिवारात मजूर दिवसाच्या कामाची हजेरी घेई आणि बलुतेदार खळ्यावरून बलुते नेई. पारनेर तालुक्यातला मुलगा मुंबईच्या गिरणीत लागला म्हणजे मात्र त्याला ‘पगार’ सुरू होई. इतका घरचा झालेला हा शब्द मुळात कोठला?

तो पोर्तुगीजांचा. १५१० साली त्यांनी गोवा घेतले. १५३४ पासून वसई त्यांच्याकडे होती, ती १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकली. राज्ये गेली, चावी, पाव आणि पगार हे शब्द राहिले. पोर्तुगीज व स्पॅनिश या दोन्ही भाषांत ‘पगार’ हे क्रियापद आहे. अर्थ, पैसे चुकते करणे. आपण त्याचे नाम केले.

या दोघी बहिणींची आई लॅटिन. तिच्यात मूळ शब्द ‘पाकारे’, म्हणजे शांत करणे; तो ‘पाक्स’ म्हणजे शांतता, तह, यापासून झाला. रोमन सेनापती मुलूख जिंकून ‘शांत’ करीत, त्यालाही हेच क्रियापद. पुढे सावकाराचे देणे फेडून त्याला शांत करणे आणि अखेर नुसते पैसे देणे, असा अर्थ उतरत गेला. इटालियन ‘पागारे’, फ्रेंच ‘पेये’, इंग्रजी ‘पे’ ही याचीच भावंडे. इंग्रजी ‘पीस’ याच घरातला. आपल्या संस्कृतातला ‘पाशही’ या कुळाचा दूरचा नातलग, असे भाषापंडित मानतात.

‘सॅलरी’ हा शब्द मात्र लॅटिनमधील मिठाच्या नावावरून आला. ‘खाल्ल्या मिठाला जागावे’ असे आपण म्हणतो, त्यात उपकाराची भाषा आहे. पगारात ती नाही. तेथे फिटायचे देणे आहे.

मग यात धनको कोण? कामगार आधी महिनाभर राबतो, पैसा नंतर घेतो. म्हणजे उधारी त्याची, ऋणको मालक! १८८४ च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या. रविवारची सुटी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती यांबरोबर त्यांची एक मागणी होती : पगार पुढल्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. अर्जावर सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्या होत्या. एवढ्या साध्या गोष्टीला कायद्याचे बळ मिळायला १९३६ साल उजाडले. त्या कायद्याने हजाराहून कमी कामगार असतील तेथे सातव्या, इतरत्र दहाव्या दिवसाच्या आत पगार देणे बंधनकारक केले.

‘आम्ही यांना पोसतो’ हे वाक्य आम्ही संघटनेची माणसे वाटाघाटीच्या मेजावर पुष्कळदा ऐकतो. शब्दाचा इतिहास उलटी साक्ष देतो. पगार हा दर महिन्याचा तह आहे. आणि देणे थकले, तर तह मोडला कोणी, हे वेगळे सांगायला नको.