पेलेल्यूची रणभूमी : युद्धावशेष, स्मरणयात्रा आणि बेटवासीयांची जमीन

प्रस्तावना :
दुसऱ्या महायुद्धाचा उल्लेख होताच मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर प्रामुख्याने युरोप, ब्रह्मदेश आणि आझाद हिंद सेना येते. पॅसिफिक महासागरातील रणक्षेत्र त्यामानाने अपरिचित राहिले आहे. वास्तविक सिंगापूरच्या पाडावानंतर जपान्यांनी युद्धकैदी म्हणून न्यू गिनी व न्यू ब्रिटनकडे नेलेल्या हिंदी सैनिकांपैकी अनेकांच्या कबरी रबाउलजवळील बिटा पाका येथील दफनभूमीत आहेत. प्रस्तुत लेखात याच महासागरातील पलाऊ द्वीपसमूहातील पेलेल्यू या बेटाचा, तेथील युद्धावशेषांचा आणि ते पाहण्यासाठी होणाऱ्या यात्रांचा विचार केला आहे.

लढाई व तटबंदी :
पहिल्या महायुद्धात, १९१४ साली, जपानने पलाऊ जर्मनीकडून घेतले व पुढे राष्ट्रसंघाच्या आदेशान्वये तेथे राज्य केले. पेलेल्यूचे क्षेत्रफळ सुमारे १३ चौरस किलोमीटर. परंतु त्यावर जपान्यांचा विमानतळ होता. फिलिपाइन्सवर चाल करून जाणाऱ्या सैन्याच्या बाजूस हा धोका नको, म्हणून अमेरिकेने बेट घेण्याचे ठरविले. १३ सप्टेंबर १९४४ रोजी अ‍ॅडमिरल हॅल्सी यांनी ही मोहीम रद्द करण्याची सूचना केली होती. तथापि आरमार निघालेले असल्याने अ‍ॅडमिरल निमिट्झ यांनी ती मानली नाही. १५ सप्टेंबरला पहिली मरीन डिव्हिजन किनाऱ्यावर उतरली. तिचे सेनापती रुपर्टस यांना तीन-चार दिवसांत काम संपेल असे वाटत होते. प्रत्यक्षात लढाई संपण्यास २७ नोव्हेंबर उजाडला.

या विलंबाचे कारण बेटाच्या भूरचनेत आहे. मध्यभागी उमुरब्रोगोल नावाच्या प्रवाळी चुनखडीच्या ओबडधोबड टेकड्या आहेत. कर्नल कुनिओ नाकागावा यांनी किनाऱ्यावर बेभान हल्ले चढविण्याची जुनी रीत सोडली आणि नैसर्गिक व खोदलेल्या शेकडो गुहांत सैन्य बसविले. एका गुहेला अनेक तोंडे, काहींना पोलादी दारे. आरमाराने तीन दिवस भडिमार केला व मारण्याजोगे लक्ष्य उरले नाही असे कळविले. गुहांतील फौज मात्र जवळजवळ शाबूत होती. अखेर ज्वालाफेकी यंत्रे, नापाम आणि सुरुंग वापरून एकेक गुहा बंद करावी लागली. सुमारे १०,९०० जपान्यांपैकी बहुतेक सर्व मरण पावले; अमेरिकेचे सुमारे १,८०० जण ठार झाले. हीच पद्धत पुढे इवो जिमा व ओकिनावा येथे दिसली. आणि लेफ्टनंट यामागुची यांच्यासह ३४ जपानी सैनिक एप्रिल १९४७ मध्ये, युद्ध संपल्यावर दीड वर्षाहून अधिक काळाने, शरण आले.

यात्रा कोणाची?
कोरोरहून बोटीने येणाऱ्या प्रवाशाला आज गंजलेले रणगाडे, जपानी मुख्यालयाची छप्पर उडालेली इमारत आणि झाडीने वेढलेली गुहांची तोंडे दिसतात. अवशेष उचलून नेण्यास कायद्याने बंदी आहे. न फुटलेला दारूगोळा अजून सापडत असल्याने मळलेली वाट सोडता येत नाही. अमेरिकन माणूस येथे शौर्यभूमी पाहण्यास येतो. जपानी यात्रेकरूंच्या दृष्टीने मात्र ही अस्थींची जागा आहे, कारण बुजविलेल्या गुहांत अनेकांचे देह तसेच राहिले. ९ एप्रिल २०१५ रोजी सम्राट अकिहितो व सम्राज्ञी मिचिको यांनी जपानी स्मारकावर फुले वाहिली, समोरच्या आंगौर बेटाकडे पाहून नमन केले आणि अमेरिकन स्मारकासही भेट दिली. दोन्ही शत्रूंच्या मृतांचे स्मरण झाले, ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु या दोहोंच्या कथेत पेलेल्यूचे मूळ रहिवासी अभावानेच येतात. लढाईपूर्वी त्यांना बाबेलदाओब या मोठ्या बेटावर हलविण्यात आले; तेथे बाँबफेक व उपासमार त्यांच्या वाट्यास आली. जपानमध्ये सांगितली जाणारी एक आख्यायिका अशी की, बेटवासी सोबत लढू इच्छित होते, पण त्यांचे प्राण वाचावेत म्हणून सेनाधिकाऱ्याने त्यांना मुद्दाम झिडकारले. कथा हृदयस्पर्शी आहे, मात्र तिला समकालीन पुराव्याचा आधार मिळत नाही. ती सांगणाऱ्यास दिलासा देते, एवढे खरे.

युद्धानंतर परतलेल्या लोकांना आपली भूमी ओळखता आली नाही. झाडे जळाली होती, अळूची शेते नष्ट झाली होती. पलाऊत जमीन ही कुळाची असते. ती कोणाची हे तिच्यावरील खुणांवरून व जुन्या माणसांच्या सांगण्यावरून ठरते. खुणाच पुसल्या गेल्यावर हक्क सांगावा कशाच्या आधारे? १९८५ साली ही रणभूमी अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांत नोंदली गेली आणि त्याच वर्षी जपानी शासनाचे स्मारकही उभे राहिले. १९९४ मध्ये पलाऊ स्वतंत्र झाला. प्रवासी आजही जी नावे विचारतो ती मात्र सैनिकांनी दिलेली, ऑरेंज बीच आणि ब्लडी नोज रिज अशीच आहेत. वस्ती बेटाच्या उत्तर टोकाला, क्लोउक्लुबेद येथे आहे आणि बहुतेकांची सहल तिथल्या धक्क्यावरून सरळ दक्षिणेकडे निघून जाते.