हरवलेल्या लोखंडी चर्चचा माग : लिव्हरपूलच्या सेंट फिलिप्स चर्चच्या निमित्ताने

प्रास्ताविक

नाहीशी झालेली वास्तू नेमकी कोठे उभी होती, हा स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकाला नेहमी पडणारा प्रश्न आहे. दगडी वा विटांच्या इमारतीबाबत त्याचे उत्तर बहुधा जमिनीतच सापडते. पाया उरतो, चौथरा उरतो, निदान मालकीचे कागद तरी उरतात. एकोणिसाव्या शतकात कारखान्यात सुटे भाग तयार करून जागेवर जोडलेल्या लोखंडी चर्चबाबत मात्र हा मार्ग अपुरा ठरतो. अशा इमारतीचा पाया उथळ असे, तिचे भाग सोडवता येत आणि उतरवलेल्या लोखंडाला बाजारात किंमत असे. त्यामुळे ‘चर्च कोठे होते?’ आणि ‘चर्चचे लोखंड कोठे गेले?’ हे दोन स्वतंत्र प्रश्न ठरतात. उपलब्ध लेखनात त्यांची सरमिसळ झालेली वारंवार दिसते. हे दोन प्रश्न वेगळे ठेवले असता शोधाची दिशा कशी बदलते, हे प्रस्तुत लेखात प्रामुख्याने लिव्हरपूलच्या सेंट फिलिप्स चर्चच्या आधारे पाहावयाचे आहे.

पन्हळी पत्र्याची फिरती चर्चे

लोखंडी चर्च म्हटले की अभ्यासकांच्या डोळ्यांसमोर प्रथम पन्हळी पत्र्याची चर्चे येतात. पत्र्याला पन्हळी आकार देण्याचे एकस्व हेन्री रॉबिन्सन पामर यांनी १८२९ मध्ये घेतले. १८३७ च्या सुमारास पत्र्याला जस्ताचा मुलामा देण्याची रीत आली आणि गंजाची अडचण बरीच कमी झाली. पुढे झपाट्याने वाढणाऱ्या औद्योगिक वस्त्यांना स्वस्तात व थोड्या दिवसांत प्रार्थनास्थळ हवे होते. ही गरज लिव्हरपूलचे आयझॅक डिक्सन, नॉरिचचे बोल्टन अँड पॉल, लंडनचे विल्यम कूपर यांसारख्या उत्पादकांनी छापील सूचिपत्रांद्वारे भागवली. शाळा, इस्पितळ, दिवाणखाना आणि चर्च एकाच सूचिपत्रातून मागवता येत असे. विल्यम मॉरिस यांनी १८९० मध्ये या पत्र्याच्या प्रसारावर कडाडून टीका केली. ती सौंदर्यदृष्टीची टीका होती. मंडळीजवळ दगडी चर्चपुरता पैसा नव्हता, ही बाजू तिच्यात फारशी येत नाही.

पक्के चर्च उभे राहिले की पत्र्याचे चर्च विकले जाई, दुसरीकडे हलवले जाई किंवा गोदाम म्हणून वापरात येई. कार्डिफ गोदीतील नॉर्वेजियन खलाशांचे चर्च हे याचे बोलके उदाहरण होय. १८६८ मध्ये स्थापन झालेले हे चर्च १९८७ मध्ये सोडवून ठेवण्यात आले आणि १९९२ मध्ये कार्डिफच्या किनाऱ्यावर नव्या जागी पुन्हा उभारण्यात आले. जुन्या पत्त्यावर शोधणाऱ्यास ते ‘नष्ट’ झालेले दिसेल. लंडनच्या ब्रॉम्प्टन भागात १८५६ मध्ये उभारलेल्या लोखंडी संग्रहालयाचेही तसेच. त्याचा सांगाडा पुढे बेथनल ग्रीन येथे नेण्यात आला आणि तेथील संग्रहालय १८७२ मध्ये खुले झाले. विटांच्या आवरणाआड तो सांगाडा आजही आहे.

लिव्हरपूलची तीन बिडाची चर्चे

पत्र्याच्या चर्चांच्या कितीतरी आधी लिव्हरपूलमध्ये बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या चर्चांचा प्रयोग झाला होता. मर्सी आयर्न फाउंड्री या ओतकाम कारखान्याचे मालक जॉन क्रॅग आणि स्वशिक्षित वास्तुविशारद थॉमस रिकमन हे त्याचे कर्ते. गॉथिक वास्तूचे खांब, सज्जे, वासे, खिडक्यांची जाळीदार नक्षी हे सारे साच्यातून ओतून काढावे, हा क्रॅग यांचा ध्यास होता. एव्हर्टन टेकडीवरील सेंट जॉर्जेस चर्च १८१३-१४ मध्ये सुमारे ११,५०० पौंड खर्चून झाले. त्यापाठोपाठ सेंट मायकेल-इन-द-हॅम्लेट १८१५ मध्ये ७,८६५ पौंडांत आणि हार्डमन स्ट्रीटवरील सेंट फिलिप्स १८१५-१६ मध्ये १२,००० पौंडांत पूर्ण झाले. बाह्य भिंती दगड वा विटांच्या असल्या, तरी आतील रचना लोखंडाची होती. एव्हर्टनच्या छतात तर बिडाच्या वाशांवर पाटीच्या दगडाचे पातळ तक्ते बसवलेले आहेत.

हे काम क्रॅग यांच्या हट्टामुळे पार पडले, असेच म्हणावे लागते. रिकमन यांच्या दैनंदिनीत या भागीदाराविषयीची कुरकुर वारंवार उमटते. मध्ययुगीन इंग्रजी वास्तूंच्या शैलींचे वर्गीकरण करणारा त्यांचा ग्रंथ १८१७ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा माणसाला एकाच साच्यातील नक्षी पुन्हापुन्हा वापरणे रुचणे कठीणच होते. क्रॅग यांचे गणित निराळे होते. लाकडी नमुना कोरण्यास खर्च येतो. एकदा तो तयार झाला की पुढचा प्रत्येक भाग स्वस्त पडतो. हेच व्यापारी गणित आज अभ्यासकाच्या उपयोगी पडते.

पहिली दोन चर्चे आजही उभी असून इंग्लंडच्या संरक्षित वास्तूंच्या सूचीत त्यांना पहिली श्रेणी आहे. सेंट फिलिप्स मात्र १८८२ मध्ये बंद झाले आणि चर्च म्हणून नाहीसे झाले. सेंट मायकेलच्या परिसरातील नदीकाठास लोक ‘कास्ट आयर्न शोअर’ म्हणतात, आणि बीटल्सच्या एका गाण्यातही हे नाव आले आहे. हार्डमन स्ट्रीटच्या चर्चच्या वाट्याला अशी लोकस्मृती आली नाही.

जागेचा पुरावा व लोखंडाचा पुरावा

सेंट फिलिप्सच्या जागेच्या निश्चितीसाठी साधने चांगली आहेत. मायकेल गेज यांचा १८३६ चा लिव्हरपूलचा नकाशा आणि शतकाच्या मध्यास निघालेले ऑर्डनन्स सर्व्हेचे मोठ्या प्रमाणाचे नगर-नकाशे ही त्यांतील प्रमुख होत. या नगर-नकाशांत सार्वजनिक इमारतींचा अंतर्गत आराखडाही पुष्कळदा दाखवलेला असे. त्यांवर १८८२ नंतरचा नकाशा ठेवून पाहिला की नव्या इमारतींनी जुन्या चर्चच्या कोणत्या भिंतरेषा स्वीकारल्या, हे ताडता येते. व्यापारी निर्देशिका आणि जेम्स पिक्टन यांचा शहरेतिहास (१८७३) ही पूरक साधने. शहराच्या मध्यभागी जमीन महाग असल्याने बांधणारे जुन्या भिंती शक्यतो टिकवतात. म्हणून शेजारच्या इमारतींच्या आतील बाजू व मागील अंगणे तपासणे हे नकाशावाचनाइतकेच महत्त्वाचे ठरते.

लोखंडाच्या शोधात मात्र एक सापळा आहे. तो म्हणजे नामांकित निर्मात्याचे नाव. मेक्सिकोतील सांता रोसालिया येथील सुट्या भागांचे लोखंडी चर्च दीर्घकाळ गुस्ताव्ह आयफेल यांच्या नावावर खपत आले. पुढे संशोधनातून बिबियानो द्युक्लो यांचे नाव पुढे आले. मनिलाच्या सान सेबास्तियान चर्चशीही (१८९१) आयफेल यांचे नाव जोडले जाते, परंतु त्याचे पोलादी भाग बेल्जियममधून आले होते. याउलट इस्तंबूलच्या सेंट स्टीफन चर्चचा प्रवास स्पष्ट आहे : व्हिएन्नाच्या वागनर कारखान्यात भाग तयार झाले, डॅन्यूब व काळ्या समुद्रामार्गे आले आणि १८९८ मध्ये चर्च खुले झाले. आपल्याकडे मुंबईच्या वॉटसन्स हॉटेलचा सांगाडाही असाच इंग्लंडमधील डर्बी येथे घडून आला. अशा वास्तूंचा निम्मा इतिहास उभारणीच्या गावी आणि निम्मा ओतशाळेच्या गावी असतो. एकाच दप्तरावर विसंबणारा अभ्यासक अर्ध्यावर थांबतो.

हार्डमन स्ट्रीटच्या परिसरात एखादी बिडाची कमान वा खिडकीची चौकट आढळल्यास तिची मापे एव्हर्टन व सेंट मायकेल येथील भागांशी जुळवून पाहता येतील. मात्र त्या जुळणीचा अर्थ मर्यादित आहे. साचा एक आढळला, तर तो भाग क्रॅग यांच्या ओतशाळेचा, एवढेच ठरते. तो सेंट फिलिप्सचाच, हे ठरत नाही. सेंट मायकेलच्या परिसरात क्रॅग यांनी बांधलेल्या घरांतही बिडाचे भाग आहेतच. तो भाग भिंतीत मूळ जागी, नकाशातील रेषेवर उभा आहे की केवळ टेकून ठेवलेला आहे, यावरच ओळख निश्चित करावी लागेल. म्हणून असा तुकडा सापडल्यास तो हलविण्यापूर्वी जागेवरच मोजून, त्याचे छायाचित्र घेऊन, भिंतीशी त्याचा सांधा कसा आहे हे नोंदविणे अगत्याचे आहे.