परमुलखातील आजारपण आणि विम्याचे छत्र

पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यात, हिंजवडीच्या शेजारी, मारुंजी नावाचे गाव आहे. एके काळी शेतीवर जगणारे हे खेडे गेल्या काही वर्षांत उंच इमारतींनी वेढले गेले. त्या इमारतींत राहणारी तरुण मंडळी हिंजवडीच्या संगणक-उद्योगात किंवा चाकणच्या कारखान्यांत नोकरी करतात. चाकणला २००९ साली फोक्सवागेन आणि मर्सिडीज या जर्मन कंपन्यांचे कारखाने सुरू झाल्यापासून तर जर्मनीची वाटही त्यांना अनोळखी राहिलेली नाही. कोणी स्टुटगार्टला जातो, कोणी लंडनला, कोणी न्यू जर्सीला. निघण्यापूर्वी पारपत्र, गरम कपडे, भाजणी, मेतकूट यांची तजवीज घरोघर कसोशीने होते. परंतु तेथे अंथरूण धरण्याची पाळी आली तर काय, हा प्रश्न अशुभ म्हणून कोणी उच्चारीत नाही. वस्तुतः तो प्रश्न मराठी माणसाच्या परदेशगमनाइतकाच जुना आहे, आणि त्याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

४ जून १८८३ रोजी आनंदीबाई जोशी न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरल्या. तेव्हा त्यांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. चौदाव्या वर्षी झालेले त्यांचे मूल दहा दिवसांत दगावले होते, आणि वैद्यक शिकण्याचा त्यांचा निश्चय त्या दुःखातून जन्मला होता. प्रकृती मूळचीच नाजूक. कलकत्त्यास असतानाच डोकेदुखी, ताप आणि अशक्तता यांनी त्यांना ग्रासले होते. अमेरिकेत त्यांचा ना आप्त होता, ना जातभाई. आधार होता तो केवळ पत्रांतून ओळख झालेल्या थिओडोशिया कार्पेंटर या बाईंचा. न्यू जर्सी प्रांतातील रोझेल येथे राहणाऱ्या या बाईंना आनंदीबाई मावशी म्हणत, आणि त्यांनीही ते नाते अखेरपर्यंत निभावले. पुढे फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना तेथील थंडी आणि अपरिचित अन्न आनंदीबाईंना मानवले नाही. तरीही ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी पदवी मिळविली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाची जागा त्यांच्यासाठी राखून ठेवलेली होती. परंतु क्षयाने पोखरलेले शरीर घेऊन त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास निवर्तल्या. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

त्यांच्यामागे एका परक्या बाईची माया होती. परंतु अशी माया प्रत्येकाच्या वाट्यास येत नाही, आणि आली तरी ती मागण्याचा संकोच सुटत नाही. १८९७ साली वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी गोपाळ कृष्ण गोखले विलायतेस निघाले असता वाटेत कॅले येथे पडून त्यांच्या छातीस मार बसला. सोबत दिनशा वाच्छा होते; तथापि कोणास त्रास नको म्हणून गोखल्यांनी वेदना काही दिवस मुकाट्याने सोसली. असह्य झाल्यावर डॉक्टर आणावा लागला. नंतर लंडनमध्ये कॉंग्रीव्ह नावाच्या बाईंनी त्यांची शुश्रूषा केली. इतक्या बुद्धिमान पुरुषालाही परमुलखात ‘मला बरे नाही’ हे तीन शब्द बोलणे जड गेले. नवख्या माणसाचे निम्मे दुखणे या मौनात असते.

योगायोग असा की, आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या त्यानंतर अकराच दिवसांनी, म्हणजे १५ जून १८८३ रोजी, जर्मनीत बिस्मार्कच्या पुढाकाराने कामगारांच्या आजारविम्याचा कायदा झाला. वर्गणीचे दोन हिस्से कामगाराने आणि एक हिस्सा मालकाने भरावयाचा, आणि आजारीपणी औषधपाणी व काही मजुरी संस्थेने द्यावयाची, अशी त्याची योजना होती. बिस्मार्कचा हेतू निव्वळ दयेचा नव्हता. समाजवाद्यांकडे झुकणारा कामगार राज्याशी बांधून ठेवावा, हा त्यातला डाव होता. हेतू काहीही असो, त्यातून एक नवे तत्त्व जगापुढे आले. आजाऱ्याची सोय ही कोणाच्या मेहेरबानीवर न राहता, निरोगी असताना भरलेल्या वर्गणीतून उत्पन्न होणारा हक्क ठरली.

हे तत्त्व जर्मनीत आजही टिकून आहे. मात्र आता वर्गणी मालक आणि नोकर समसमान भरतात, आणि ज्यांना स्वतःचे उत्पन्न नाही अशा पत्नीस व मुलांस सार्वजनिक विम्यात वेगळी वर्गणी पडत नाही. मोठा पगार असणाऱ्यास खासगी विमा घेण्याची मुभा आहे. तरुणपणी तो स्वस्त वाटतो. परंतु एकदा त्या वाटेने गेलेल्यास सार्वजनिक विम्यात परत येणे दुष्कर असते. नवख्याने हा निर्णय घाईने करू नये, हेच खरे.

इंग्लंडने १९११ साली लॉइड जॉर्ज यांच्या कायद्याने हाच मार्ग धरला. आठवड्याला कामगाराचे चार पेन्स, मालकाचे तीन आणि सरकारचे दोन. पुढे ५ जुलै १९४८ रोजी तेथे राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली आणि वर्गणीची अट जाऊन वास्तव्य हीच पात्रता ठरली. त्याच १९४८ साली भारतात कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतील कामगारांच्या पगारातून कापली जाणारी वर्गणी त्याचीच. इंग्लंडची सेवा मोफत म्हणून प्रसिद्ध आहे. परंतु सहा महिन्यांहून अधिक काळासाठी जाणाऱ्या परदेशीयास २०१५ पासून परवान्याबरोबर आरोग्याधिभार भरावा लागतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो प्रौढास दरसाल १,०३५ पौंड करण्यात आला, आणि परवाना जितक्या वर्षांचा तितक्या वर्षांची रक्कम आगाऊ द्यावी लागते. पैसे भरले म्हणजे काम झाले असेही नाही. पोहोचताच घराजवळच्या डॉक्टरच्या दवाखान्यात नाव नोंदवावे लागते. कारण आकस्मिक प्रसंग सोडल्यास मोठ्या रुग्णालयाची वाट त्याच्याच दारातून जाते.

अमेरिकेची कथा अगदी निराळी. १९२९ साली टेक्सासमधील डॅलस शहरी बेलर रुग्णालयाने शाळामास्तरांसाठी एक योजना काढली. महिना पन्नास सेंट भरावे आणि वर्षातून एकवीस दिवस रुग्णालयात उपचार घ्यावे. या लहानशा रोपाचा पुढे प्रचंड वृक्ष झाला. दुसऱ्या महायुद्धात सरकारने पगारवाढ गोठविली, तेव्हा माणसे टिकविण्यासाठी मालकांनी पगाराऐवजी विमा देऊ केला. तेव्हापासून तेथे आरोग्य नोकरीला जे बांधले गेले ते आजही बहुतांशी तसेच आहे. म्हणूनच अमेरिकेत नोकरी सुटते त्या दिवशी माणूस दोन गोष्टींना मुकण्याच्या बेतात असतो. १९८६ च्या एका कायद्याने वीस किंवा अधिक नोकर असणाऱ्या मालकाकडील विमा सामान्यतः अठरा महिने चालू ठेवण्याची सवलत दिली. परंतु मालकाचाही हप्ता तेव्हा स्वतःच भरावा लागतो. त्याच कायद्यात आणखी एक कलम होते. आकस्मिक प्रसंगी दाराशी आलेल्या रुग्णास, त्याची ऐपत न पाहता, तपासून त्याची प्रकृती स्थिर करण्याचे बंधन रुग्णालयांवर आले. आनंदीबाईंच्या पदवीनंतर बरोबर शंभर वर्षांनी ही हमी मिळाली. मात्र ती उपचाराची हमी आहे, बिलमाफीची नव्हे.

शिवाय अमेरिकन विमापत्र हाती असले तरी सर्व खर्च सुटतो असा समज करून घेऊ नये. ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च आधी स्वतःच सोसावा लागतो. विमा कंपनीशी करार नसलेल्या डॉक्टरकडे गेल्यास भार पुष्कळ वाढतो. त्यामुळे डॉक्टर कोठे बसतो एवढे विचारून भागत नाही. तो आपल्या विम्याच्या यादीत आहे की नाही, हेही आधी विचारावे लागते.

या सर्व व्यवस्थेत एक माणूस उघड्यावर राहतो. मुलाच्या घरी बाळंतपणासाठी किंवा नातवंडे पाहण्यासाठी गेलेले आईवडील मुलाच्या कंपनीच्या विम्यात सहसा बसत नाहीत. त्यांच्यासाठी प्रवासविमा घ्यावा लागतो, आणि पूर्वीपासून असलेला मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार हे त्यातून सामान्यतः वगळलेले असतात. ज्या विकाराची साठीनंतर सर्वांत अधिक भीती, नेमका तोच बारीक अक्षरांतील कलमाने बाहेर ठेवलेला. युरोपातील शेंगेन देशांचा अल्पमुदतीचा परवाना किमान तीस हजार युरोंच्या विम्यावाचून मिळत नाही. अमेरिका प्रवाशाला तशी अट घालीत नाही, आणि अट नाही म्हणून पुष्कळजण विमाही घेत नाहीत. जेथे सक्ती नाही तेथे धोका नाही, असा अर्थ मात्र होत नाही.

तेव्हा प्रस्थानापूर्वी विमापत्र शांतपणे वाचावे. औषधांची मूळ नावे, चालू असलेल्या मात्रा आणि जुन्या तपासण्यांचे कागद बरोबर ठेवावेत. आणि दुखणे लपवू नये, ना डॉक्टरपासून, ना विमा कंपनीपासून. लपविलेले दुखणे पुढे दावा फेटाळण्याचे कारण होते.

आनंदीबाईंच्या अस्थी त्यांच्या मावशीकडे अमेरिकेस पाठविण्यात आल्या. न्यूयॉर्क प्रांतातील पोकिप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या स्मशानभूमीत त्या विसावल्या आहेत. तशी मावशी कोणत्याही हप्त्याने मिळत नाही. म्हणून तर राष्ट्रांना कायदे करावे लागले, आणि परदेशी जाणाऱ्याने ते वाचूनच पाऊल उचलणे प्राप्त आहे.